डिस्टिल्ड पाण्यातलं पंचपात्र

डमडम, १९ एप्रिल २०२५

प्रिय गौरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं वाच आणि मग हवं तर फाडून टाक. पत्ता तुझ्या आईनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी भडंगाचं कौतुक करत करत तिच्याकडून तो काढून घेतला. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या जुन्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो. त्यामुळे टपाल.

इकडे आमचं झकास चाललंय. येत्या एकतीस ऑक्टोबरला मी निवृत्त होतोय. छत्तीस वर्षं लॅबच्या त्याच मीडिया-रूममध्ये पाणी गाळलं, जंतू वाढवायचं आगर ढवळलं, बाटल्या आम्लानं धुतल्या आणि खरं सांगतो, कंटाळा आला नाही. अलका म्हणते, घरी चहाचा कप विसळायला सांगितला की तुमचा हात दुखतो. तिचं बरोबर आहे. पण घरच्या कपाला डिस्टिल्ड पाणी मिळत नाही, त्याला मी काय करू?

लाहिडी मॅडमचे केस पार पांढरे झालेत, आवाज मात्र तेवढाच आहे. त्यांच्याकडे नूपुर नावाची नवी मुलगी पीएच.डी.ला आलीय. मराठी आहे, म्हणजे घरापुरती. वडील आयटीत, राहायला राजारहाट, जन्म इथलाच. बोलते मराठी पण चाल बंगाली. तू गेल्यापासून माझ्या खोलीत मराठी ऐकू येत नव्हतं, आता अर्धंमुर्धं का होईना येतं. मी तिला पोहे देतो, ती मला खजुराच्या नोलेन गुळाचे संदेश आणून देते. माझा फायदा जास्त आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मॅडमनी नूपुरला तुझंच काम दिलंय. फ्रीझरमधून तुझी ती ‘सतरा नंबर’ यीस्ट काढली, जिच्यात तांबं आत घेणारं प्रथिन नाही. तांबं नाही म्हणून लोहही नाही. लोह कमी असलेल्या प्लेटवर ती उपाशी मरायला हवी. गेल्या मंगळवारी नूपुर धावत माझ्या खोलीत आली. ‘काका, दारुण झालंय.’ बंगालीत दारुण म्हणजे फक्कड, एवढं तुला आठवत असेल. तिच्या हातात प्लेट होती आणि प्लेटवर यीस्ट दुधाच्या सायीसारखी दाट उगवली होती. ‘गौरीदीचं खरं होतं,’ ती म्हणाली.

मी ती प्लेट हातात घेऊन खिडकीपाशी नेली. दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये तू अशीच एक घेऊन आली होतीस आणि मी तशीच खिडकीपाशी नेली होती. त्यावरून पुढे काय झालं ते तुला सांगायला नको. सप्टेंबरमध्ये ती यीस्ट परत उगवेना, तुझ्याकडे नाही आणि कोणाकडेच नाही. मग समिती बसली, तुझ्या फाइलीत ‘चित्रात फेरफार’ असे शब्द लिहिले गेले आणि जानेवारीत तू सामान बांधून गेलीस. मी खोटं चित्र केलेलं नाही, एवढंच तू सगळ्यांना सांगत होतीस.

मला त्या वेळी कोणी काही विचारलं नाही, नाहीतर मी तुझ्या बाजूनं बोललो असतो.

एकच सांग. उगवलेल्या प्लेटा तू नेमक्या कोणत्या महिन्यांत ओतल्या होत्यास? माझ्या वहीत एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत दिसतायत. जुळतंय का?

तुझा,
सुधाकरकाका


डमडम, ४ मे २०२५

प्रिय गौरी,

उत्तर आलं नाही. येईल अशी फार आशाही नव्हती. पण माझी वही खोटं बोलत नाही, म्हणून तुझ्या उत्तराशिवायच पुढे लिहितो.

आधी माझी तोंडी परीक्षा घे. तू मला शिकवलेलं किती पाठ आहे बघ. दुपारी प्लेटा सुकेपर्यंत तू माझ्या स्टुलावर बसून शिकवायचीस आणि मी हो हो म्हणत बाटल्या पुसायचो. तुला वाटायचं, काकांचं लक्ष नाही.

यीस्टच्या पेशीला लोह हवंच. ते नसेल तर श्वास चालत नाही. पण जास्त झालं तर तेच लोह तिला आतून जाळतं. म्हणून ती पोट भरलं की दार लावून घेते आणि भूक लागली की उघडते. भूक लागलीय हे ओळखणारं एक प्रथिन असतं. ते एरवी पेशीत इकडेतिकडे हिंडत असतं आणि लोह कमी पडलं की केंद्रकात जाऊन तिथली जनुकं जागी करतं. मग पेशीच्या भिंतीपाशी माणसं उभी राहतात. (माणसं हा माझा शब्द, तू प्रथिनं म्हणायचीस.) बाहेरचं लोह गंजासारखं, न विरघळणारं. पहिला त्याला विरघळेल असं करतो. दुसरा त्याला पुन्हा पहिल्या रूपात आणून तिसऱ्याच्या हातात देतो आणि तिसरा आत ओढून घेतो. जास्तीचं लोह पेशी आतल्या एका पिशवीत कोंडून ठेवते, लागेल तसं काढते. आणि दुसऱ्या कोणी जंतूनं लोह पकडण्यासाठी काही टाकलेलं असलं, तर ते लोहासकट उचलून घरात नेते. हे ऐकून मी म्हणालो होतो, ही आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी आहे, आणि तू चहा सांडला होतास.

त्या दुसऱ्या माणसाला काम करायला अंगात तांबं लागतं. तांबं नसेल तर तो नुसता उभा राहतो आणि पुढे लोह आत जात नाही. पास ना?

आता ऐक.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये पाण्याचं मशीन बिघडलं होतं. सुटा भाग येईपर्यंत मी अडगळीतला जुना डिस्टिलेशनचा संच चालवला आणि पाणी वीस लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये साठवायला लागलो. खिडकीजवळ कॅन, त्यात इथला उन्हाळा. आठ दिवसांत तळाला शेवाळं. ऑटोक्लेव्हच्या वाफेत सगळं मरतं, हे मलाही माहीत आहे. पण गाळ दिसलेलं पाणी मी आजवर कोणाला दिलेलं नाही.

आमच्याकडे प्यायचं पाणी तांब्याच्या घागरीत असतं, तुझ्याकडेही असायचं. तांब्याच्या भांड्यात शेवाळं धरत नाही. देव्हाऱ्यात वडिलांचं पळी-पंचपात्र होतं. मी काही संध्या करत नाही, ते नुसतं बसून होतं. त्यातलं पंचपात्र मी डब्याच्या पिशवीतून आणलं, मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीनं बांधलं आणि कॅनमध्ये सोडलं. दर शनिवारी बाहेर काढून चिंचेनं घासायचो, लखलखीत झालं की परत आत. शेवाळं गेलं. सुधाकरदांचं पाणी काचेसारखं आहे, असं चारजण म्हणाले. मी कोणाला काही सांगितलं नाही. ऑगस्टअखेर नवं मशीन आलं आणि पंचपात्र परत देव्हाऱ्यात गेलं.

या मार्चमध्ये मशीन पुन्हा बिघडलं. मी पुन्हा तेच केलं.

नूपुरच्या प्लेटा त्याच पाण्याच्या आहेत.

उद्यापासून मी एक प्रयोग करणार आहे. मॅडमना अजून बोललेलो नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांची सामग्री करून दिली, माझा स्वतःचा हा पहिलाच. आणि ते मला आवडतंय.

सुधाकरकाका


डमडम, १७ मे २०२५

प्रिय गौरी,

प्रयोग झाला. आधी बेत सांगतो, तू चुका काढ.

तीन तऱ्हेचं पाणी घेतलं. एक, मशीन दुरुस्त झाल्यावरचं कोरं. दोन, तीच कॅन, तेच पंचपात्र, आठवडाभर मुरलेलं. तीन, कोऱ्या पाण्यात चिमटीभर मोरचूद, म्हणजे तांबंच, पण वजन करून घातलेलं. तिन्ही पाण्यांच्या प्लेटा एकाच दिवशी, एकाच आगरनं ओतल्या. लोह तिन्हीत सारखंच कमी. प्रत्येकीवर दोन यीस्ट. एक तुझी मूळची, तांब्याच्या दाराविना असलेली. दुसरी तुझी ‘सतरा नंबर’, जी तू महिनोन्‌महिने उपाशी ठेवून वाढवलीस आणि जी लोह आत घेण्याची नवीनच वाट शिकलीय, असं तुझं म्हणणं होतं. नूपुरला विश्वासात घ्यावंच लागलं, कारण तुझ्यासारखं प्लेटवर यीस्टच्या रेघोट्या ओढणं मला जमत नाही. तिनं ओढून दिल्या.

तीन दिवसांनी उघडल्या. कोऱ्या पाण्यावर दोन्ही उपाशी. पंचपात्राच्या पाण्यावर दोन्ही भरभरून. मोरचुदाच्या पाण्यावरही दोन्ही भरभरून.

समजलं ना? तांबं शंभरपट वाढलं की दार नसलेल्या पेशीतही ते थोडंथोडं झिरपतं, आणि त्या दुसऱ्या माणसाला तेवढं पुरतं. जूनमध्ये तुला जे दिसलं ते खरंच होतं. तू काही रंगवलं नव्हतंस. तुला दिसलेली यीस्ट माझ्या वडिलांच्या पंचपात्रावर पोसली गेली होती.

दुसरी गोष्ट लिहायला मला दोन दिवस लागले. सतरा नंबरला काहीही वेगळं येत नाही. मूळची जिथे उगवते तिथेच ती उगवते, जिथे मरते तिथे मरते. नवी वाट वगैरे काही नाही. तुझा शोध हा शोध नव्हता, गौरी. मला वाईट वाटतं. ती यीस्ट तू पोरीसारखी वाढवली होतीस.

आणि एक गोष्ट तुझी तुला सांगतो, कारण काका म्हणून माझा तेवढा हक्क आहे असं मी समजतो. मूळच्या यीस्टची उपाशी प्लेट तू जानेवारीत काढून ठेवलेल्या फोटोतली वापरलीस आणि सतरा नंबरचा फोटो जूनचा. दोन्ही शेजारी चिकटवून एक चित्र केलंस. जूनच्याच दिवशी मूळची परत ओतली असतीस, तर तीही उगवलेली दिसली असती आणि त्याच दुपारी आपण दोघांनी मिळून कॅन उघडली असती. एवढी तुझी चूक. बाकी सगळी माझी.

अलकाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, पंचपात्र लॅबमध्ये नेलं तेव्हा मला का सांगितलं नाही? मी म्हटलं, तू ओरडली असतीस. ती म्हणाली, ओरडलेच असते, आणि ती पोर आज डॉक्टर झाली असती. मग तिनं मला जेवायला वाढलं. वांग्याचं भरीत होतं. मी दोनदा घेतलं, लपवत नाही.

सोमवारी मॅडमना सांगणार आहे.

सुधाकरकाका


डमडम, २ जून २०२५

प्रिय गौरी,

तुझं पत्र आलं. टपालवाल्यानं हातात दिलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी त्याला थांबवून सरबत पाजलं. मग पत्र उघडलं. दोनच ओळी होत्या. मी त्या इथे उतरवतो, म्हणजे मला त्यांच्यापासून पळता येणार नाही.

‘तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात तुम्ही लिहिलंय की तुम्हाला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते.’

हो. मला विचारलं होतं.

नोव्हेंबर होता. समितीच्या खोलीत तिघं होते, मॅडम धरून चार. मला बोलावलं, बसायला खुर्ची दिली. अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, एप्रिल ते ऑगस्टमध्ये मीडिया करण्याच्या पद्धतीत काही बदल झाला होता का? मी म्हणालो, ‘नो सर. नो चेंज.’ ते थँक्यू म्हणाले. मी उठलो. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आलो तेव्हा तू बाकावर होतीस का ते मी पाहिलं नाही, कारण मी जमिनीकडे बघत चाललो होतो.

त्या पहिल्या पत्रात खोटं लिहायचं मी ठरवलं नव्हतं. लिहिता लिहिता आलं आणि मी खोडलं नाही. सहा वर्षं मनात तसंच म्हणत आलो असेन, म्हणून सहज आलं.

आता तू विचारशील, तेव्हा लक्षात आलं होतं का? खूप दिवस मी स्वतःला सांगितलं, नव्हतं आलं. पण आलं होतं. अध्यक्षांनी ‘बदल’ म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ती नायलॉनची दोरी आली. एवढंच नाही. तांब्याशिवाय लोह आत जात नाही, हे तूच मला स्टुलावर बसून शिकवलं होतंस. मागच्या पत्रात मी तुला ते पाठ म्हणून दाखवलं, फुशारकीनं. म्हणजे त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांत उत्तर एकट्या मला माहीत होतं.

का बोललो नाही? नोकरीची भीती असं म्हटलं तर ते शोभून दिसेल, पण नोकरी कोणी घेणार नव्हतं. मला लाज वाटली. परदेशातनं शिकून आलेले ते तिघं, आणि मी सांगणार की डिस्टिल्ड पाण्यात देव्हाऱ्यातलं भांडं सोडलं होतं. ते हसले असते. शिवाय माझ्या पाण्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते पहिलं बोट मीच ठेवायचं, हे जमलं नाही. मनाशी म्हटलं, एवढ्याशा पंचपात्रानं काय होणार? आणि घरी जाऊन ते घासून पुसून देव्हाऱ्यात सरळ ठेवलं.

माझ्या पाण्याच्या कौतुकापायी तुझं सगळं गेलं. यापेक्षा बरं मला लिहिता येत नाही.

आणखी एक कबुली. मागच्या पत्रात म्हटलं होतं, सोमवारी मॅडमना सांगतो. तो सोमवार होऊन पंधरा दिवस झाले आणि मी सांगितलं नाही. उद्या सांगणार. तू या वेळी विश्वास ठेवू नकोस, झाल्यावर कळवतो.

सुधाकरकाका


डमडम, २६ जून २०२५

प्रिय गौरी,

सांगितलं. आता पुढचं सगळं क्रमानं.

तीन तारखेला सकाळी मी पंचपात्र आणि तिन्ही प्लेटा ट्रेमध्ये ठेवून मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांना वाटलं, मी निवृत्तीचे पेढे आणलेत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, समितीपुढचं उत्तरही. त्यांनी प्लेटा उजेडात धरल्या, एकेक, खूप वेळ. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘सुधाकर, मैंने उस लड़की को जाने दिया.’ माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयारीनं गेलो होतो. त्या ओरडल्याच नाहीत, आणि त्यानं माझी जास्त पंचाईत झाली.

शेवटी म्हणाल्या, बुधवारच्या बैठकीत हे तुम्हीच मांडायचं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पडद्यापुढे उभा राहिलो. आजवर तिथं फक्त प्रोजेक्टरची वायर लावायला गेलोय. नूपुरनं फोटो लावून दिले, बोलायचं मी. हिंदी, बंगाली, मध्येच मराठी, सगळी मिसळ झाली. पंचपात्र दाखवलं तेव्हा मागच्या रांगेत दोघं हसले. ज्याची मला इतकी धास्ती होती ते हसू तेवढंच होतं, चार सेकंदांचं. त्यानंतर लोकांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले आणि एकानंही भांड्याबद्दल विचारलं नाही. सगळे तांबं किती उतरलं, आम्लता किती होती, असलंच विचारत होते. मला उत्तरं येत होती, गौरी. मी तुला खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मी सुखात होतो. अपराध्यानं इतकं सुखात असावं का, हे मला कळत नाही, पण होतो.

समिती पुन्हा बसली. त्यांनी मला तोच प्रश्न विचारला आणि मी दुसरं उत्तर दिलं. निकालाची प्रत मॅडम तुला स्वतः पाठवतायत, तरी सार लिहितो. उगवण पाण्यातल्या तांब्यामुळे झाली. विद्यार्थिनीनं चित्रात फेरफार केल्याचा ठपका मागे. दोन दिवसांचे फोटो न सांगता जोडणं ही चूक, पण फसवणूक नव्हे. पीएच.डी.ची नोंदणी पुन्हा सुरू करायची असेल तर संस्थेची हरकत नाही. फाइलीतलं ते पान काढलेलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून खाली हे जोडलंय. मी स्वतः पाहून आलो.

मला मेमो आला. कारणे दाखवा. मी कारणं दाखवली, दीड पानात. अलकानं शुद्धलेखन तपासलं. पुढे काय करतील ते करोत, झोप चांगली लागते.

नूपुर तीन दिवस हिरमुसली होती, कारण तिचाही शोध गेला. चौथ्या दिवशी तिनं मीडिया-रूमच्या दारावर कागद चिकटवला, मराठीत आणि बंगालीत: आजच्या प्लेटशेजारी आजचीच प्लेट. मराठीत दोन चुका होत्या. मी सुधारल्या नाहीत.

तुझं उत्तर आलं नाही तरी चालेल. पण मॅडमचा फोन आला तर तो घे. त्यांना तुझ्याशी बोलायचंय आणि त्यांना ते अवघड जाणार आहे.

सुधाकरकाका


डमडम, १४ जुलै २०२५

प्रिय गौरी,

तुझं चार पानी पत्र परवा आलं. मी ते गॅलरीत बसून वाचलं, मग अलकाला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो आणि दुसऱ्या पानावर मला थांबावं लागलं. पुढचं तिनं वाचलं.

तिथं तू लिहिलंयस: ‘काका, दाराबाहेर तुमचं नो चेंज ऐकलं आणि मला आधी हायसं वाटलं. पाण्यावर शंका नको, कारण सुधाकरकाका सांगतायत. मग दुसऱ्या क्षणी कळलं की चूक माझीच आहे, फक्त ती मला सापडत नाहीये. सहा वर्षं मी ती शोधतेय. वर्गात शिकवताना, भांडी घासताना. समितीनं मला खोटं ठरवलं म्हणून मी गेले नाही. माझ्या डोळ्यांना दिसलं ते खोटं असणार, असं तुमच्यामुळे मला वाटलं, म्हणून गेले.’

मी इतके दिवस समजत होतो, तू समितीवर रागावून गेलीस आणि माझं बोलणं त्यातलं एक वाक्य होतं. तसं नव्हतं. तू त्या सगळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवलास. याचं मी काय करू ते मला ठाऊक नाही. माफी मागतो म्हटलं तर ते फार लहान वाटतं, तरी मागतो.

बाकीचं पत्र वाचून मात्र गंमत वाटली. मिरजेच्या कॉलेजात तू बंद पडलेली प्रयोगशाळा उघडवलीस, बारावीच्या पोरांना डोशाच्या पिठातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्यास, प्राचार्यांकडून ऑटोक्लेव्ह म्हणून प्रेशर कुकर मंजूर करून घेतलास. कुकर चालतो. पंधरा पौंडाची शिट्टी आणि वीस मिनिटं, फक्त आगरची बाटली अर्धीच भर, नाहीतर उतू जाईल आणि मग घासत बसशील.

आणि शेवटी तुझी ती ओळ: ‘माफीचं नंतर बघू. पीएच.डी.ला परत यायचं की नाही, तेही नंतर. आधी सतरा नंबर आणि मूळची, दोन्ही पाठवा. तुम्ही सांगताय म्हणून या वेळी मी मानणार नाही. प्लेटा मी ओतणार.’

मॅडमना दाखवलं. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या मुली आत बघायला लागल्या. म्हणाल्या, बरोबर बोलतेय, पाठवा. आणि पाठवण्याच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली.

तर या पाकिटात चांदीच्या कागदात गुंडाळलेले दोन छोटे फिल्टर पेपर आहेत. नाण्याएवढे. त्यावर यीस्टचा थेंब सुकवलाय. सुकली तरी मरत नाही, महिनाभर झोपून राहते, ओलावा आणि साखर मिळाली की उठते. निळ्या शाईची खूण असलेली एक आहे, दुसऱ्यावर खूण नाही. कोणती कोणती ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते नूपुरनं वेगळ्या पाकिटात बंद केलंय आणि ते तू सगळ्यात शेवटी उघडायचंस.

पाणी तुझं तू घे. मिरजेत चांगलं डिस्टिल्ड पाणी कुठं मिळतं ते मला माहीत नाही आणि मी सुचवणारही नाही. मोरचूद तुझ्या कॉलेजच्या कपाटात असेलच.

तीन दिवस थांब. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघायची तुझी सवय मला माहीत आहे. मग उजेडात धर आणि काय दिसलं ते मला लिही. उगवलं, नाही उगवलं, माझ्यापेक्षा वेगळंच काही उगवलं, जे असेल ते. मी आधी काही बोलणार नाही. तू लिहिशील ते मी लॅबच्या वहीत जसंच्या तसं उतरवीन आणि खाली माझी सही करीन.

तुझा,
सुधाकरकाका